कापायची वेळ कुठली? घरच्या बागेतल्या सुक्या फुलांचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या बागेतलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि आकडे मात्र त्यांच्या वहीतले आहेत. ताई रोज संध्याकाळी वही लिहितात. ती वही नसती, तर काय चुकलं हे आम्हा दोघींना कधी कळलंच नसतं.

ताईंना बागेचा वीस वर्षांचा अनुभव, पण फुलं सुकवायची ही पहिलीच वेळ. जवळच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला टेबलांवर ठेवायला सुक्या फुलांचे ४० गुच्छ देईन, असा शब्द त्यांनी दिला होता. एका गुच्छात १२ दांडे धरले होते: ६ स्ट्रॉफ्लॉवरचे, ३ स्टॅटिसचे, ३ गोंफ्रेनाचे. एकूण ४८० दांडे. पेरणीपासून २४ आठवडे हातात होते.

या तीन फुलांबद्दल आधी थोडं सांगते, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्या फरकातून झाला.

स्ट्रॉफ्लॉवर मूळचं ऑस्ट्रेलियाचं. व्हेंतेना या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये त्याचं वर्णन केलं. आज त्याचं शास्त्रीय नाव झेरोक्रायसम ब्रॅक्टिएटम असं आहे. झेरोक्रायसम म्हणजे ग्रीकमध्ये ‘कोरडं सोनं’. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ते असतात छद, म्हणजे फुलोऱ्याखालची रंगीत, कागदासारखी पानं. खरी फुलं मधल्या पिवळ्या गाभ्यात दाटीने बसलेली असतात. पूर्ण वाढलेल्या छदांमध्ये पाणी फारच थोडं असतं, म्हणून झाडावर असतानाच ते हाताला कुरकुरीत लागतात.

स्टॅटिस भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवरचं. त्यात जांभळा, निळा, गुलाबी रंग दिसतो तो निदलपुंजाचा, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या पेल्याचा. खरी पांढरी चिमुकली फुलं गळून जातात आणि रंगीत कागदी पेला मागे राहतो. गोंफ्रेना मध्य अमेरिकेकडचं, आपल्या कोंबड्याच्या आणि कुरडूच्या कुळातलं. त्याच्या बटणासारख्या गोल बोंडातही रंग छदांचाच.

म्हणजे तिन्ही फुलं ‘न कोमेजणारी’ म्हणून एका पंक्तीत बसतात, पण तिन्हींत टिकून राहणारा भाग एकसारखा नाही. त्यामुळे प्रत्येकाची कापायची वेळही वेगळी. ताईंना हे माहीत नव्हतं. आणि मलाही ते वाचून माहीत होतं, हाताने केलेलं नव्हतं.

लागवड चांगली झाली. स्ट्रॉफ्लॉवरचं बी बारीक असतं आणि रुजायला त्याला उजेड लागतो. पहिल्या ट्रेमध्ये ताईंनी बियांवर बोटभर माती टाकली, त्यातून जेमतेम ५ रोपं वर आली. दुसऱ्या ट्रेमध्ये बी नुसतं मातीवर भुरभुरून हलकं दाबलं, वर पाण्याचा फवारा मारला. आठ-दहा दिवसांत ट्रे हिरवा झाला. ५ मीटर बाय १ मीटरच्या वाफ्यात ३० सेंटीमीटर अंतरावर ४८ रोपं लावली. दुसऱ्या वाफ्यात २० स्टॅटिस आणि ३० गोंफ्रेना. रोपं वीतभर झाल्यावर शेंडे खुडले, त्यामुळे फुटवे भरपूर आले. बाराव्या आठवड्यात स्ट्रॉफ्लॉवर फुलायला लागलं.

अडचण

तेराव्या आठवड्यात ताईंनी पहिली कापणी केली. स्ट्रॉफ्लॉवरचे १२० दांडे, स्टॅटिसचे ४५ आणि गोंफ्रेनाचे ५०. स्ट्रॉफ्लॉवर त्यांनी मुद्दाम पूर्ण उमलू दिलं होतं. तबकडीसारखं पसरलेलं, मधला पिवळा गाभा दिसणारं फूल त्यांना सर्वांत सुंदर वाटत होतं, आणि ते असतंही. पंचवीस-तीस दांड्यांच्या जुड्या सुतळीने बांधून त्यांनी न्हाणीघराला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत उलट्या टांगल्या.

दोन आठवड्यांनी मला फोन आला. “अगं, तू ये आणि बघ. कागदाचं फूल म्हणतेस ना, त्याचं हे काय झालंय?”

मी गेले. स्ट्रॉफ्लॉवरचे छद मागे वळून देठाला टेकले होते. गाभा तपकिरी होऊन फुगला होता आणि त्यातून बियांचे पांढरे तंतू निघून जमिनीवर उडत होते. बऱ्याच फुलांची मान मोडली होती. काहींची डोकी हात लावताच गळून पडत होती. दांडे सुकून बारीक झाल्यामुळे सुतळी सैल पडली होती आणि दोन जुड्या निसटून खाली पडल्या होत्या. जाड जुड्या सोडल्या तर आतल्या पानांवर करडी बुरशी. खिडकीच्या बाजूला टांगलेल्या गुलाबी फुलांचा रंग एका अंगाने उतरलेला.

स्टॅटिसची तऱ्हा उलटी. ते कापताना अर्धंच फुललं होतं. ताईंना वाटलं, फुलदाणीत ठेवलेल्या कळ्या उमलतात तसं राहिलेलं नंतर फुलेल. पण जे मिटलेलं होतं ते मिटलेलंच आकसून गेलं.

गोंफ्रेना मात्र जवळजवळ सगळं उत्तम होतं.

आम्ही जमिनीवर बसून मोजणी केली. स्ट्रॉफ्लॉवर १२० पैकी ३१ वापरण्याजोगं, स्टॅटिस ४५ पैकी १०, गोंफ्रेना ५० पैकी ४६. वर्धापनदिनाला नऊ आठवडे उरले होते. सुकायला दोन-तीन आठवडे लागतात हे धरलं, तर कापायला सहाच आठवडे हातात होते.

कोणते पर्याय होते

ताईंचा पहिला विचार सिलिका जेलचा, म्हणजे ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांचा होता. गुलाब, झेनिया अशा पाणीदार पाकळ्यांच्या फुलांना ते फार उपयोगी पडतं. फूल दाण्यांत पूर्ण पुरलं की आकार आणि रंग दोन्ही छान टिकतात. पण शेकडो दांड्यांना किती डबे आणि किती जेल लागेल? शिवाय स्ट्रॉफ्लॉवरच्या बाबतीत प्रश्न छदांतलं पाणी काढण्याचा नव्हताच. छद आधीच कोरडे होते. तो पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवणं हा दुसरा पर्याय. त्यात लांब दांडे मावत नाहीत आणि थोडी जरी उष्णता जास्त झाली तरी रंग काळवंडतो. ग्लिसरीन पानांसाठी चांगलं, या फुलांसाठी नाही. गुच्छ निम्मे करावेत असं मी सुचवलं. ताई म्हणाल्या, “तो शेवटचा पर्याय. आधी काय चुकलं ते शोधू.” मला त्यांचं म्हणणं पटलं.

मग उरल्या दोनच गोष्टी: कापायची वेळ बदलणं आणि सुकवायची जागा बदलणं. या दोन्हींत आम्ही पुन्हा चुकलो. ते सविस्तर सांगते, कारण या प्रकरणातलं शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे.

पहिला निर्णय: कापायचं कधी

स्ट्रॉफ्लॉवर कापल्यावरही उमलत राहतं. दांड्यात आणि फुलाच्या बुडाशी ओल असेपर्यंत आतले छद वाढतात आणि उघडतात. म्हणून बाहेरच्या दोन-तीनच ओळी उघडलेल्या असताना, गाभा अजून झाकलेला असताना ते कापायचं. टांगल्यावर ते हवं तेवढं उघडतं. पूर्ण उमललेलं कापलं, तर सुकताना त्याची वेळ उलटून जाते. फूल कागदी आहे, सुकलेलंच आहे, मग घाई कसली, असं मनात येतं. तिथेच फसायला होतं.

हे मी ताईंना समजावलं. त्यांनी पंधराव्या आठवड्यात ६० ‘कळ्या’ कापल्या. दहा दिवसांनी त्यातल्या ३८ पुन्हा तबकड्या झाल्या होत्या, गाभा फुगलेला.

आम्ही दोघी बुचकळ्यात पडलो. मग वहीत वेळ सापडली: सकाळी सात. रात्री पाऊस झालेला, फुलांवर दव.

स्ट्रॉफ्लॉवरचे छद हवेतल्या ओलाव्यावर हलतात. दमट हवेत आणि ओले झाल्यावर ते आत मिटतात, कोरड्या हवेत उघडतात. ही हालचाल जिवंत पेशींची नाही. छदाच्या तळाशी असलेल्या मृत पेशींच्या भिंती ओल शोषून फुगतात, म्हणून छद आत वाकतो. त्यामुळे चार दिवसांचं जून फूलसुद्धा पहाटे कळीसारखं दिसतं. ताईंनी अगदी सांगितल्याप्रमाणे कळ्याच कापल्या होत्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त मिटलेली म्हातारी फुलं होती.

यात चूक माझी होती. मी अवस्था सांगितली, ती ओळखायची वेळ सांगितली नाही. पुढे नियम ठरला: दव पूर्ण उडाल्यावर, साधारण अकरानंतर, फुलं उघडी दिसत असताना निवड करायची. ढगाळ दिवशी फूल दोन बोटांनी हलकेच उघडून बघायचं. आत पिवळी धूळ दिसली तर ते सोडून द्यायचं. ताईंनी यात आपली भर घातली. दुपारी फिरून कापायच्या फुलांच्या दांड्याला लोकरीचा तुकडा बांधायचा, म्हणजे त्या दिवशी वेळ नाही मिळाला तरी दुसऱ्या सकाळी चूक होत नाही.

स्टॅटिससाठी नियम अगदी उलटा: झुपक्यातले तीन चतुर्थांशाहून जास्त पेले उघडल्याशिवाय कात्री लावायची नाही. गोंफ्रेनाला घाई नसते. बोंड भरून घट्ट झालं की कापावं. फार लांबवलं तर मात्र ते खालून विस्कटायला लागतं. पहिल्या कापणीत ताईंनी तिन्ही फुलं एकाच सकाळी कापली आणि तिन्हींना एकच कसोटी लावली होती. गोंफ्रेना योगायोगानेच बरोबर वेळेला सापडलं.

दुसरा निर्णय: सुकवायचं कुठे

अडगळीच्या खोलीत आम्ही आर्द्रतामापक ठेवला. काटा ८५ वर. पण स्वस्तातल्या मापकावर डोळे झाकून विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. तो तपासायची सोपी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते जेमतेम भिजेल इतकं पाणी घालायचं, ते झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत आठ तास ठेवायचं. आतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. आमचा मापक ८० दाखवत होता, म्हणजे ५ जास्त. तरी खोलीत खरी आर्द्रता ८० टक्के निघालीच. अशा हवेत दाट जुडी टांगली की बुरशी ठरलेली.

मी सांगितलं: वरच्या खोलीत टांगा, खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळू द्या. जवळपास सगळीकडे हाच सल्ला मिळतो. दोन दिवसांनी वरच्या खोलीतही ७८. बाहेर पावसाळी हवा होती आणि आम्ही तीच खिडकीतून आत घेत होतो. वारा असणं आणि हवा कोरडी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मी त्या एकच समजून चालले होते.

मग ताईंनी पत्र्याखालचा माळा सुचवला. दुपारी तिथे ४१ अंश तापमान आणि ४४ टक्के आर्द्रता. आकडे मोहात पाडणारे होते. हवा तापली की तिची पाणी धरून ठेवायची क्षमता वाढते. ३० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा तशीच ४० अंशांपर्यंत तापवली तर सापेक्ष आर्द्रता साधारण ४६ टक्क्यांवर येते. पण पहाटे माळ्यावर २६ अंश आणि ८६ टक्के भरले. दिवसा सुकलेलं फूल रात्री पुन्हा ओल पिणार. आम्ही दोन जुड्या माळ्यावर आणि दोन वरच्या खोलीत टांगून बघितल्या. माळ्यावरच्या आधी सुकल्या, पण त्यातल्या गुलाबी रंगाला मळकट छटा आली.

शेवटी वरची खोली बंद केली, खिडक्यांना जाड पडदे लावले आणि शेजाऱ्यांकडून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारं यंत्र, आणलं. छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवला, म्हणजे हवा हलेल पण फुलांवर थेट झोत येणार नाही. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांवर राहिली. जुड्या आठ-दहा दांड्यांच्या, खालची पानं काढून, रबरबँडने बांधलेल्या. दांडा आकसला तरी रबरबँड त्याच्याबरोबर घट्ट होत जातो. फुलं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून जुडीतले दांडे खालीवर ठेवलेले.

अंधाराचा आग्रह मी धरला. गुलाबी आणि लाल छदांमधली रंगद्रव्यं उजेडात हळूहळू मोडतात आणि झाडावरून तोडलेल्या फुलात नवी तयार होत नाहीत. सुकवतानाचे दोन-तीन आठवडे अंधारात काढले, तर पुढे टेबलावर दाखवायला रंग शिल्लक राहतो.

तिसरा निर्णय: तार घालायची का

स्ट्रॉफ्लॉवरचा दांडा डोक्याच्या लगेच खाली कमजोर असतो. पक्का उपाय म्हणजे ताजं असतानाच दांडा आखूड कापून बारीक तार बुडातून वर डोक्यात खुपसायची. डोकं सुकताना आकसतं आणि तारेला घट्ट धरतं. सुकल्यावर हेच करायला गेलं तर डोकं फुटतं.

ताईंना तार नको होती. “फूल दिसायला फुलासारखं हवं, खेळण्यासारखं नको.” मला काळजी मोडक्या मानांची. शेवटी निम्म्यांना तार, निम्मी आपल्या दांड्यावर, असं ठरलं. तार बाहेरून दिसू नये म्हणून ताईंनी सुकलेल्या गव्हाळ गवताची पोकळ काडी तिच्यावर चढवली. हे मी पहिल्यांदाच बघितलं, आणि ते फार देखणं दिसत होतं.

चौथा निर्णय: सुकलं हे कसं ओळखायचं

अठराव्या आठवड्यात ताईंनी सुकलेल्या जुड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरल्या. टांगून आठच दिवस झाले होते, पण दांडे कटकन मोडत होते. तीन दिवसांनी खोकं उघडलं तर कोंदट वास आणि सगळी फुलं घट्ट मिटलेली. ताईंचा धीरच सुटला. “संपलं सगळं,” एवढंच त्या फोनवर म्हणाल्या.

संपलं नव्हतं. दांडा सुकला तरी डोक्याचा मांसल बुडखा आतून ओला राहतो. बंद खोक्यात ती ओल बाहेर आली आणि छद मिटले, तेच पहाटेच्या दवात मिटतात तसे. आम्ही सगळं बाहेर काढून पुन्हा टांगलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत फुलं उघडली. बुरशी आलेले ६ दांडे टाकून द्यावे लागले.

त्यानंतर मोडून बघणं सोडलं आणि वजनकाटा आणला. दहा दांड्यांची एक जुडी रोज त्याच वेळी तोलायची. एका जुडीची नोंद अशी: पहिल्या दिवशी ६४ ग्रॅम, आठव्या दिवशी १९, बाराव्या दिवशी १५, पंधराव्या दिवशी १४, सतराव्या दिवशीही १४. वजन उतरायचं थांबलं की फूल सुकलं. आठव्या दिवशी कडक वाटणाऱ्या दांड्यांत अजून ५ ग्रॅम पाणी होतं.

निष्पत्ती

सोळाव्या ते एकविसाव्या आठवड्यात स्ट्रॉफ्लॉवरचे १८५ दांडे कापले, त्यातले १६८ चांगले निघाले. आधीचे ३१ आणि ‘मिटलेल्या’ कापणीतले २२ धरून २२१. गोंफ्रेना गरजेपेक्षा जास्त होतं. कमी पडलं स्टॅटिस. पहिल्या कापणीतले ३५ दांडे गेले ते गेलेच, आणि २० झाडांकडून पुढे ६६ मिळाले.

ताईंनी तीन आठवडे आधीच वाचनालयाला कळवलं की गुच्छ ३६ होतील आणि प्रत्येकात स्टॅटिस दोन, गोंफ्रेना चार असेल. हा निर्णय मला या सगळ्यात सर्वांत शहाणपणाचा वाटतो. आदल्या दिवशी कळवलं असतं तर टेबलांची मांडणी बिघडली असती. तीन आठवडे आधी कळवल्यावर कुणाचीच तक्रार नव्हती.

चार महिन्यांनी मी वाचनालयात जाऊन पाहिलं. स्टॅटिसचा जांभळा जसाच्या तसा होता. खिडकीजवळच्या टेबलांवरचं गुलाबी स्ट्रॉफ्लॉवर फिकं पडलं होतं, आतल्या टेबलांवरचं नाही. विनातारेची ११ फुलं मान टाकून बसली होती, तारेची एकही नाही.

पुन्हा करायचं झालं तर

सगळं बी एकदम पेरायचं नाही. तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा पेरलं असतं, तर पहिल्या कापणीत शिकून दुसरीत सुधारता आलं असतं. आम्हाला ती सवड झाडांनी पुन्हा पुन्हा फुलून दिली. दर दोन-तीन दिवसांनी कळ्या कापत राहिलं की झाड नवे फुटवे काढतं. उमललेली फुलं झाडावरच जून होऊ दिली की नव्या कळ्या कमी येतात, हे ताईंच्या वहीत स्वच्छ दिसतं.

स्टॅटिसची झाडं दुप्पट हवीत. नत्र कमी द्यायला हवं. तेराव्या आठवड्यातले लुसलुशीत दांडे जास्त मोडले, त्याला दहाव्या आठवड्यात दिलेलं खत कारणीभूत असावं असा माझा अंदाज आहे. पूर्ण उमललेली फुलं मात्र टाकायची नाहीत. त्यांची नुसती डोकी खुडून ताटात पसरून सुकवली तर पुष्पचक्रावर चिकटवायला चालतात. पहिल्या कापणीतली ८९ फुलं आम्ही कचऱ्यात टाकली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तारेवरून आमचं अजून एकमत नाही. अकरा मोडक्या माना मी मोजून दाखवल्या. ताईंनी पुढच्या खेपेला सगळ्यांना तार घालण्याऐवजी निम्म्या झाडांना खत न देता, दांडे मुळातच कणखर होतात का ते बघायचं ठरवलं आहे. बी कालच पेरलं, पहिला ट्रे, माती न टाकता.